गाडग्यातलं बी कुणाच्या हाती द्यायचं? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात गावातल्या बियाण्यांवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सॲप मेसेजचा नुसता पाऊस. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही आहोत तोवर हे चाललंय, पुढं कोण बघणार? सगळी पत्रं छापणं शक्य नाही, पाच घेतलीत. नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न : ताई, मी ६८ वर्षांची. गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. माझ्याकडं सासूबाईंच्या वेळेपासूनचं बी आहे, घेवडाच पाच तऱ्हेचा, शिवाय दुधी, दोडका, काकडी, नागली, वरई, खुरासणी, आणि काळभात, रायभोग, जीरवेल हे भात. कोंभाळण्याच्या, गावठी बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंचं बघून आमच्याकडच्या बायांनी पण गाडगी परत बाहेर काढली. पण मुलगा नाशकात कंपनीत, सुनेला पुडीतलं बी बरं वाटतं. माझ्यामागं हे सगळं उकिरड्यावर जाणार असं वाटतं. रात्री झोप लागत नाही. हे पत्र नात टाइप करतेय, आठवीत आहे, दिवाळीला आलीय.

आजी, तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष शेवटच्या वाक्यावरच अडकलं. तुम्ही सांगताय आणि पोरगी टाइप करतेय. तिनं 'जीरवेल' आधी 'जिरेवेल' लिहून मग दुरुस्त केलंय, तसाच दुसरा मेसेज आलाय मला, म्हणजे तिनं तुम्हाला विचारलं असणार की आजी हे नक्की काय, भात का वेल? अहो मग सुरुवात झालीच की. तुम्ही उगाच झोप घालवताय.

आता चूक कुठं होते ते सांगते, कारण ती मी वीस घरांत बघितलीय. म्हातारी माणसं सगळंच्या सगळं एकदम द्यायला जातात, ही चाळीस गाडगी, ही उतरंड, ही तुझी जबाबदारी, आमच्या सात पिढ्यांचं आहे वगैरे, आणि पोर घाबरून पळतं. चाळीस नका देऊ. एक द्या. एकच गाडगं, आणि ते पूर्ण तिचं. तुम्ही हात लावायचा नाही, बिघडलं तर बिघडलं. (अर्थात तुमच्या गाडग्यात त्याच बियाचा अर्धा हिस्सा गुपचूप ठेवा, एवढी लबाडी चालते.)

कुठलं द्यायचं? माझं मत विचाराल तर दुधी. घेवड्याचं काम सोपं असतं, त्याचं बऱ्याच अंशी आपलं आपणच जमतं, फूल उमलायच्या आधीच आतल्याआत काम झालेलं असतं, त्यामुळे पोरांना करायला काही उरत नाही. दुधीचं तसं नाही. दुधीची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, मादीच्या मागं बारकासा दुधी आधीच लटकलेला दिसतो. शेजारच्या पुडीवाल्या दुधीचा पराग किड्यांनी आणला की तुमच्या वाणाची भेळ झाली, यंदाच्या फळात दिसणार नाही पण पुढच्या वर्षी ते बी पेरलं की कळेल. म्हणून त्याच संध्याकाळी उमलणारी एक नर आणि एक मादी कळी हेरायची, दुपारीच दोन्हीवर कागदाची पिशवी बांधायची, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पिशवी काढून नराचा पराग मादीला चोळायचा, पिशवी परत बांधायची आणि देठाला लाल चिंधी. चिंधी कशाला, तर सुनबाईंनी भाजीला तोडू नये म्हणून! एकदा का त्या पोरीनं हे स्वतः केलं आणि आठ-दहा दिवसांत ते फळ धरून फुगायला लागलं ना, की तो दुधी तिचा. मग तुम्हाला वारसा वगैरे शब्द वापरायची गरजच नाही.

आता तुम्ही म्हणाल ती तर सुट्टीपुरती येते. बरोबर आहे, आणि यावर माझ्याकडं जादू नाही. वेल सुट्टीत फुलावर असेल असं वेळापत्रक बसवावं लागेल. नाहीच जमलं तर बियाची उगवण तपासायचं काम नाशकातल्या फ्लॅटमधे पण होतं. १०० बिया मोजायच्या, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायच्या, गुंडाळी करून ओलसर ठेवायची, आठवड्याभरानं मोड मोजायचे. ७० च्या वर आले तर बी चांगलं, ४०-५० आले तर दाट पेरायचं आणि यंदाच बी नवं करून घ्यायचं, कारण बी म्हणजे काय लोणचं नव्हे की बरणीत टिकलं, ते अधूनमधून मातीत गेलंच पाहिजे. कांद्याचं बी तर वर्षभरातच दम सोडतं. आठवीतल्या पोरीला शेकडेवारी येते, तिला तिच्या वहीत लिहू दे.

जे वहीत लिहिता येत नाही ते मात्र तुम्ही समोर बसवून दाखवा. बी वाळलं हे तुम्ही कसं ओळखता? दाताखाली धरून. कट्ट वाजलं की वाळलं, दबलं की अजून ऊन पाहिजे. हे मी कितीही लिहिलं तरी तिच्या दाताला कळणार नाही. मग राख चाळून घेणं, निंबाचा पाला सावलीत सुकवून मधेमधे घालणं, गाडग्याचं तोंड शेणमातीनं लिंपणं, आणि वेलाची कुठली फळं बियाला सोडायची हे, म्हणजे सुरुवातीची चांगली टपोरी की शेवटची उरलीसुरली? सुनबाईंना शेवटची सोडायची सवय असेल तर तिथंच वाण खालावतं. हे तुम्हाला माहितीये पण तुम्ही ते कधी बोलून दाखवलंय का? बहुतेक आज्या नाही बोलत, हातानं करतात आणि पोरांनी बघून शिकावं असं समजतात, कारण त्या स्वतः तशा शिकल्या. पण त्या दिवसभर आईच्या मागंमागं असायच्या, ही पोरगी वर्षात वीस दिवस आहे. म्हणून बोला.

राहीबाई पोपेरेंचं उदाहरण तुम्हीच दिलंत. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत आणि २०२० ची पद्मश्री मिळाली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते, त्यांनी बी स्वतःपुरतं ठेवलं नाही, बायांना वाटलं, वाढवलं, परत घेतलं. एका घरातलं बी एका उंदरानं जातं हो! पाच घरात असेल तर एक गेलं तरी चार राहतात. तुमच्या नातीनं कदाचित कधीच शेती केली नाही, तरी शेजारच्या वाडीतल्या एखाद्या सुनेनं केली तर वाण राहिला ना? आपलंच रक्त पाहिजे असा हट्ट सोडा, हे जरा कडू आहे पण सांगते.

एक कायद्याचं, कारण दोघीतिघींनी विचारलंय. घरचं बी ठेवणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात लिहिलेला आहे. संरक्षित वाण, म्हणजे कुणी कायद्याखाली नोंदवलेला, ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही, एवढीच मेख. आणि गावाचा जुना वाण 'शेतकऱ्यांचा वाण' म्हणून नोंदवता पण येतो.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा. आमच्या गावाची लोकजैवविविधता नोंदवही (गावातली झाडं, प्राणी, बी यांची नोंद) आहे असं कळलं म्हणून कपाटातून काढली. चकचकीत छापलीय पण त्यात आमच्या ओढ्यात चक्क खाडीतले मासे लिहिलेत! खाडी आमच्यापासून घाट उतरून कितीतरी लांब. बाहेरच्या कुठल्यातरी एजन्सीनं दोन दिवसांत केली होती म्हणे. आता गावातल्या तरुण पोरांना यात घ्यायचंय पण त्यांना हे दाखवायची लाज वाटते.

लाज कसली, दाखवा! पोरं पोट धरून हसतील आणि तिथूनच कामाला लागतील, चुकलेलं दुरुस्त करायला पोरांना जेवढी मजा येते तेवढी कोऱ्या कागदावर नाही येत.

हे असं का झालं ते थोडक्यात. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात प्रत्येक स्थानिक संस्थेची, म्हणजे ग्रामपंचायतीची पण, जैवविविधता व्यवस्थापन समिती पाहिजे आणि तिनं लोकांना विचारून नोंदवही करायची असं आहे. बरीच वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, मग २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि न करणाऱ्या राज्यांना महिना १० लाख रुपये भरायची तंबी दिली. झालं, देशभर धावपळ, कॉपी-पेस्ट. तुमचे खाडीतले मासे त्याच पुरात वाहून आलेत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ वगैरे मंडळींनी ही नोंदवहीची कल्पना मांडली तेव्हा लोकांनी, त्यात शाळा-कॉलेजातली मुलं पण आली, स्वतः फिरून लिहायची असं होतं, एजन्सी कुठं नव्हतीच.

पण नोंदवही काय दगडावरची रेघ नाही, ती वेळोवेळी बदलायची असते, समितीच्या बैठकीत घेऊन नवी पानं जोडता येतात. सगळी सुधारायला जाऊ नका, दमाल. फक्त ओढ्याचं पान घ्या. गावात मासे धरणारा एखादा जुना माणूस असतोच, पन्नास-साठीचा, त्याला आणि चार पोरांना पहिल्या पावसात ओढ्यावर पाठवा, चढणीच्या माशांच्या वेळेला. पाणी गढूळ झालं की मळ्या, मुऱ्या प्रवाहाच्या उलट वर चढतात अंडी घालायला, पोटं गच्च भरलेली असतात, आणि तेव्हाच लोक जाळी घेऊन, हल्ली तर ब्लिचिंग पावडर टाकून सुद्धा, सगळेच्या सगळे उचलतात. त्या म्हाताऱ्याला विचारा पूर्वी किती धरायचे, कुठला डोह सोडायचे, कोण बंदी घालायचं. एखादा डोह देवाचा म्हणून सोडलेला निघतोच, तिथं कुणी जाळं टाकत नसे. पोरांनी ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, माशाचं नाव गावात जे म्हणतात तेच, शास्त्रीय नाव नंतर फोटो दाखवून कुणाकडून तरी घेता येतं.

आणि त्यांनी लिहिलेलं पुढं कुठंतरी पोचलं पाहिजे. त्या पानावरून ग्रामसभेत ठराव झाला, की पहिल्या पावसाचे पंधरा दिवस अमुक डोहात जाळं नाही आणि पावडर तर कधीच नाही, आणि तो ठराव ज्या पोरांनी लिहिलं त्यांनीच मांडला, तर बघा. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव ऐकलं असेल, 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' वालं. तिथं ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असायचे, बसून एखादा विषय खोदायचा, त्यातूनच मधमाश्या न जाळता मध काढायचं गावात रुजलं. आपल्याकडं ग्रामसभेत तरुण पोरगं बोलायला उठलं की 'तू बस रे' म्हणतात आणि मग पोरांना गावाचं काही पडलेलं नाही म्हणून आपणच रडतो.

एक सावधगिरी. औषधी वनस्पतींचं पान आलं की थांबा. नरक्या नावाचं झाड तुमच्याच घाटात आहे, कॅन्सरच्या औषधासाठी त्यातला घटक लागतो म्हणून ट्रकच्या ट्रक तोडून नेले लोकांनी. अशा झाडाची नेमकी जागा पोरांनी हौसेनं लोकेशन टाकून नेटवर चढवली तर संपलंच. जाणकाराला विचारायचं, हे लिहू का, आणि तो नको म्हणाला तर नाही लिहायचं. नोंदवहीत माहिती गोपनीय ठेवता येते, तो त्याचा अधिकार आहे.

प्रश्न : मी जि. प. शाळेत शिक्षिका, रायगड जिल्हा. २२ मे ला जैवविविधता दिन साजरा करा असं येतं पण तेव्हा शाळेला सुट्टी! मग जूनमधे 'झाडे लावा झाडे जगवा'ची पोस्टर काढून फोटो पाठवतो. मलाच कंटाळा आलाय. मुलं बहुतेक आदिवासी वाडीवरची.

बाई, तुमची मुलं वाडीवरची आहेत म्हणजे या विषयात तुम्ही विद्यार्थी आणि ती मास्तर, हे आधी मान्य करून टाका म्हणजे अर्धं काम हलकं होईल.

२२ मे ला शाळा बंद असते पण रान उघडं असतं. पोरं करवंदं, जांभळं गोळा करत फिरत असतात आणि पहिल्या सरी पडल्या की शेवळं, ती कंदातून वर येणारी रानभाजी. जूनमधे शाळा उघडली की पोस्टर नका देऊ, एवढंच विचारा, यंदा शेवळं कधी निघालं, कुठल्या तारखेला पहिलं दिसलं? फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहा आणि तो कोपरा पुसू नका. पुढच्या वर्षी दुसरी तारीख. पाच वर्षांत तुमच्याकडं असं काहीतरी असेल जे तालुक्यात कुणाकडं नाही. मग विचारा, शेवळं घशाला खाजतं, आई त्यात काय घालते? काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, घालते हे सांगायला दहा हात वर येतील. वरचा कोंब काढायचा, कंद उकरायचा नाही म्हणजे पुढच्या वर्षी परत येतं, हे पण तीच सांगतील, आणि नाही सांगितलं तर आजीला विचारून या म्हणावं. फक्त अनोळखी पाला कुणी चाखून बघणार नाही हा नियम पक्का.

दुसरं, शाळेच्या अंगणात कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर त्याची पानं खाणारी अळी बघा. आधी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळीपांढरी, म्हणून कुणी खात नाही, मग हिरवीगार होते, आणि काडीनं डिवचली की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. पोरं किंचाळतात! तिचंच पुढं फुलपाखरू. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ ला जाहीर झालं, त्याच्या अळ्या पण लिंबाच्याच कुळातली झाडं खातात. आता गंमत अशी की ज्या शाळेत 'फुलपाखरे वाचवा' पोस्टर लागलेलं असतं तिथंच शिपाईकाका कढीपत्त्यावर फवारा मारून जातात. पोरांना ठरवू द्या ना, किती फांद्या अळीच्या आणि किती खिचडीच्या. आमच्या ओळखीच्या एका शाळेत चौथीच्या पोरांनी सुतळी बांधून हद्द आखली होती, इकडची अळीची, तिकडची खिचडीवाल्या मावशींची.

फोटो पाठवायचाच असेल तर त्या सुतळीचा पाठवा.

प्रश्न : वय २३, बीएस्सी ॲग्री झालोय. गावात राहून संवर्धन करा असं सगळे स्टेजवरून सांगतात आणि त्यांची पोरं पुण्यात. पगार कोण देणार?

खरंय तुझं, टाळ्या वाजवून पोट भरत नाही. गोड बोलत नाही, यात नोकरीसारखा महिन्याचा पगार फार थोड्यांना मिळतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची अंडी जपायचं काम उभं राहिलं, पुढं पिल्लं समुद्रात सोडायची ती बघायला लोक यायला लागले, घरोघरी राहायची-जेवायची सोय झाली, गावाला पैसा मिळतो. पण तो ठराविक महिन्यांचा. आणि उलट बाजू पण बघ, मे-जूनमधे भंडारदऱ्याच्या पट्ट्यात काजवे बघायला अशी गर्दी लोटते की गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलचे टॉर्च यातच काजव्यांचा खेळ विस्कटतो, ते बिचारे जोडीदार शोधायला लुकलुकतात आणि आपण त्यांच्या डोळ्यात उजेड मारतो. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या गावांत बांबू, तेंदूपानाचे व्यवहार ग्रामसभा करते, तिथं हिशोब, मोजमाप येणारी तुझ्यासारखी पोरं लागतात. तुझ्या गावाचा या हक्कासाठी दावा झालाय का हे आधी बघ. नसेल आणि पुण्यात नोकरी मिळत असेल तर जा बाबा, अपराधी वाटून घेऊ नको, घरचं एखादं बी घेऊन जा आणि सुट्टीला येशील तेव्हा पेर.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, बेचकी घेऊन दिवसभर पाखरांच्या मागं. परवा होला पाडला. मारलं त्याला, पण फरक नाही. खरं सांगायचं तर त्याच्या वयात मी पण हेच करायचो, आमच्या वडावर तेव्हा हिरव्या होल्यांचे थवे यायचे.

मारू नका. कायद्यानं पाखरं मारणं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा, हे त्याला एकदा शांतपणे सांगा, आणि मग त्याचं डोकं वापरा. बेचकीवाल्या पोराला गावात सगळ्यात जास्त माहिती असते, कुठल्या बाभळीवर कुणाचं घरटं, कुठलं पाखरू किती वाजता पाण्यावर येतं, भारद्वाज कुठल्या बांधातून घुमतो. मी ज्यांच्याकडून पक्षी शिकले त्यातले दोघं आधी शिकारी होते. त्याला वही द्या, एक जुनी दुर्बीण कुठं मिळाली तर बघा, आणि बेचकी तुमच्याकडं जमा.

तुम्ही वडाचं लिहिलंत ते त्याला कधी सांगितलंय का? हिरवा होला म्हणजे हरियाल, आपला राज्यपक्षी, वड-उंबराच्या फळांवर येतो, पानांत असा मिसळतो की वीस बसलेले असतात आणि एक दिसत नाही, फळ खाली टपकलं की कळतं वर कुणीतरी आहे. वड अजून आहे ना? फळं धरली की पहाटे दोघं जाऊन झाडाखाली गप्प बसा. किती आले ते मोजून कळवा, पोराच्या अक्षरातच पाठवा, पुढच्या अंकात छापते.